भिंतीवरचा पहिला वडा

मावशी गेल्या तो सोमवार होता. सोमवारी वाचनालय बंद असतं, म्हणून मला मंगळवारी कळलं.

अंबरनाथला आमच्या वाचनालयाला लागून खेळाचं मैदान आहे. त्याच्या फाटकाशी मावशींचा स्टॉल होता. वडापाव, चहा, शेंगदाण्याची चिक्की, बस. सकाळी कढई तापली की पहिला वडा कागदावर ठेवून त्या मैदानाच्या भिंतीवर नेऊन ठेवत. स्टॉल त्यांच्या यजमानांनी सुरू केला होता. ते गेल्यापासून पहिला वडा त्यांचा. कावळा न्यायचा, कधी मांजर. मावशी म्हणत, "कोनी का खाईना, पोचला म्हंजे झालं."

दुसरा वडा माझा. काउंटरवर ताटली सरकवून त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहत आणि म्हणत, "चव बगा मास्तर, नि खरं बोला."

मी मास्तर नाही, ग्रंथपाल आहे, हे मी पुष्कळदा सांगितलं. "एवढी पुस्तकं कोनाकडं असतात? मग मास्तरच," असा त्यांचा निकाल. एकदा मी भीत भीत म्हणालो, मीठ किंचित जास्त आहे. त्यांनी लगेच मागे वळून सुनेला सांगितलं, "ऐकलंस? सगला घाना बाजूला काढ." त्यानंतर मी खरं बोलताना दोनदा विचार करू लागलो.

मग मैदानाच्या समितीचे सचिव आले. भला माणूस, पण घाईचा. म्हणाले, "मावशी, पोरं मॅच संपली की बाहेर जाऊन खातात. काहीतरी नवीन ठेवा. नाहीतर पुढच्या वर्षी जागा दुसऱ्याला द्यायचं चाललंय."

मला वाटलं, आता बाई खचणार. दुसऱ्या दिवशी पाहतो तर स्टॉल बंद आणि मावशी उल्हासनगरला. दुपारी शेअर रिक्षातून उतरल्या त्या पोटाशी भलंमोठं पातेलं धरून. तिथल्या कॅम्प तीनमधल्या एका सिंधी व्यापाऱ्याकडून त्यांनी पातेल्यासकट जुनं यंत्र आणलं होतं. साखर फिरवून तिचा कापूस करणारं. जत्रेत तुम्ही पाहिलं असेल, म्हातारीचे केस म्हणतात ते.

"तो बोलला, मावशी, ये चलेगा नहीं, दौडेगा!" मावशींचा चेहरा नुसता फुलला होता.

पहिल्या दिवशी ते खरोखरच दौडलं. साखरेचे तंतू पातेल्याबाहेर उडाले, सुनेच्या वेणीला लागले, माझ्या चष्म्याला लागले. एक तर वाचनालयाच्या खिडकीतून वर्तमानपत्रांवर येऊन बसला. मावशी हसत हसत खाली बसल्या. "मास्तर, तुमी आज गोड दिसता!" पण आठवड्याभरात काडी कशी फिरवायची ते त्यांच्या हाताला कळलं. रंग मात्र घालेनात. "त्यात काय असतं मला ठावं नाय. पोरं खानार." म्हणून त्यांचा कापूस पांढराशुभ्र.

पाठोपाठ बटाटा आला. अख्खा बटाटा काडीवर चढवून गोल गोल कापायचा, ओढून लांबवायचा आणि तळायचा. मावशी त्याला बटाट्याचा जिना म्हणत. दोन्ही पदार्थ पहिल्यांदा कुठे मांडायचे हेही त्यांनी ठरवलं होतं. महाशिवरात्रीला, शिवमंदिराच्या जत्रेत. "दोन्ही उपासाला चालतात. अख्खं गाव तिथं येनार. तुमचे सचिव पन येनार. बगू दे त्यांना."

त्या सकाळी मीही गेलो. काय गर्दी होती! पाळणे, पिपाण्या, बेलाच्या पानांचे ढीग, दर्शनाची रांग पार रस्त्यापर्यंत. मावशींनी नवी कढई घेतली होती, शेंगदाण्याचं नवं तेल, सैंधव मीठ. पाटीवर माझ्याकडून ठळक अक्षरांत लिहून घेतलं होतं : उपवासाचे. स्टॉल उघडण्याआधीच वीसेक माणसं उभी. त्यांत सचिव, त्यांच्या हाताला धरून त्यांची आई. म्हातारीचा निर्जळी मोडून काहीतरी खाण्याचा बेत होता आणि तो ती मोठ्याने सांगत होती.

यजमानांचा वडा मावशी चुकवणार नव्हत्या. त्यासाठी डब्यात एक गोळा, वाटीभर बेसन आणि वेगळी लहान कढई घरून आणली होती. तेल तापलं. मावशींनी गोळा बेसनात बुडवला आणि सोडला. मोठ्या कढईत. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप तिकडेच गेला.

वडा तळाशी गेला आणि वर आला. बेसन, हळद, सगळं त्या तेलात.

सून हळूच म्हणाली, "आई, काढा पटकन. कोनी बगितलं नाय."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण मी डोलावली. समोर सचिव उभे होते आणि मला मावशींची जागा टिकायला हवी होती.

"मास्तर," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी रोज तुमाला काय बोलते?"

मग त्यांनी गॅस बंद केला आणि रांगेकडे वळून मोठ्यांदा सांगितलं, "बायांनो, चूक झाली! या तेलात माज्या हातून बेसनाचा वडा पडला. उपासवाल्यांनी यातलं खाऊ नका. तेल बदलते, मंग देते."

रांगेतून दोघी-तिघी निघाल्या. सचिवांनी घड्याळ पाहिलं. मावशींनी तो वडा कागदावर घेतला, स्टॉलच्या मागच्या दगडावर ठेवला, पदराने कपाळ पुसलं आणि यंत्र सुरू केलं. पातेल्यात पांढरा कापूस भरू लागला. काडीभोवती मोठा झुपका गोळा करून त्यांनी तो उंच धरला.

"निसती साखर हाय! शंकराची जटा घ्या, शंकराची जटा!"

सचिवांच्या आईने सगळ्यांत आधी हात पुढे केला.

मी तेलाचा डबा आणायला धावलो. आयुष्यात मी कुठेच धावत नाही. गर्दीतून डबा छातीशी धरून परतलो तेव्हा रांग पाळण्यापर्यंत गेली होती. कुणा आजोबांच्या हातात जटा, हवालदाराच्या हातात जटा. सचिवांच्या मिशीला जटा.

"मावशी, हे मैदानावर कधी ठेवताय?" ते विचारत होते.

"आधी कढई घासू दे, साहेब!" मावशी ओरडल्या, आणि माझ्यापुढे एक काडी धरली. "चव बगा मास्तर."

जागा त्यांच्याकडेच राहिली. पुढची काही वर्षं मैदानावर मॅच संपली की पोरं फाटकाकडे पळत. शेवटच्या महिन्यातही मावशी खुर्चीत बसून काडी फिरवत होत्या.

आता स्टॉल सून चालवते. वडे आहेत, जिना आहे, जटा पांढरीच आहे. सकाळी भिंतीवर दोन वडे असतात.