भूषणच्या रस्त्यावर घसरून दाखवताना

चूक नानांची. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, कारण शेवटपर्यंत ऐकलंत की तुम्ही ती माझ्याच माथी माराल. साठी उलटलेल्या माणसानं सख्ख्या पुतण्याला गावादेखत ‘घसरून दाखव’ असं सांगायचं असतं का? त्यांनी सांगितलं. आणि मी घसरायला गेलो.

नाना म्हणजे माझे मोठे काका. पाचोरा रोडला, फाट्यावर, त्यांचा एक गाळा आहे. डिप्लोमा अर्धवट सोडून मी पाचोऱ्याला एका टायरवाल्याकडे काम करतो. तो गाळा मला स्वतःच्या टायरच्या दुकानासाठी हवा होता. नाना हो म्हणाले होते. मग आला भूषण.

भूषण माझ्या आत्याचा मुलगा, सिव्हिल इंजिनिअर. फाट्यापासून गावापर्यंतचा काँक्रीटचा रस्ता ज्या ठेकेदारानं केला, त्याच्याकडे तो साइटवर असतो. पैसा सरकारचा, घाम मजुरांचा, आणि गावात नाव काय? भूषणभाऊचा रस्ता! म्हातारे सकाळी फिरायला निघायचे आणि मध्येच वाकून, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा त्या रस्त्यावरून हात फिरवायचे. माझी आई त्यावर मका वाळत घालायची आणि म्हणायची, पोरानं काय गुळगुळीत केलाय रस्ता. मी तिच्या पोटचा. पण मी केलेल्या कशावर तिनं मका सोडा, पापडसुद्धा वाळवलेला नाही.

तर या भूषणला पुढच्या कामाचं सिमेंट ठेवायला जागा हवी होती. नाना लगेच पाघळले. मला म्हणाले, तुझं बघू नंतर. म्हाताऱ्यांचं ‘नंतर’ तुम्हालाही माहीत असेल.

मी त्या ‘गुळगुळीत’लाच धरलं. अहो, गुळगुळीत रस्ता मोटारसायकलवाल्याला मारतो. काँक्रीट ओलं असतानाच त्यावर ब्रशनं आडव्या रेघा ओढतात. टायर त्या रेघांना धरतो. रेघा नसतील तर रस्ता म्हणजे घासलेली ताटली. हे मला धंद्यामुळे ठाऊक होतं, आणि ते मी पारावर बसून रोज सांगत सुटलो. भूषणच्या रस्त्याला पकड नाही, वळणावर एखादा मरेल, आणि असल्या माणसाला गाळा देताय? त्याच्या रस्त्याला रेघा आहेत की नाहीत, हे मी वाकून कधी पाहिलं नव्हतं. त्या रस्त्याकडे बघितलं की मला रस्ता दिसायचाच नाही, भूषण दिसायचा.

शेवटी नाना कावले. चार माणसांत म्हणाले, “घसरी दखाड. घसरना तं गाळा तुना.”

घसरलो तर गाळा माझा! आता असं कोणी म्हटल्यावर तुम्ही काय केलं असतं?

माझ्या गाडीचे टायर घासलेले. टायरवाल्याचेच घासलेले, हसा. त्या गाडीवर घसरलो असतो तर दोष टायरला गेला असता. म्हणून मी भूषणची नवी गाडी मागितली. त्यानं चावी दिली. मागितल्याबरोबर दिली, आणि हेच मला त्याचं सहन होत नाही. वर स्वतःचं हेल्मेट काढून माझ्या डोक्यात घातलं आणि पट्टाही लावून दिला, जसा काही मी बालवाडीत चाललोय.

अर्ध्या रस्त्यावर आमचाच मका पसरलेला.

“माय, मका बाजूला कर. नाहीतर म्हणतील, मक्यावरून घसरला.”

“राहू दे ना रे,” आई म्हणाली. “घसरायचंच आहे ना तुला?”

मी तिच्यावर खेकसलो. तिनं मका ओढून घेतला, वर खराट्यानं इतकं लख्ख झाडलं की फोलकट उडालं आणि खालच्या रेघा एकूण एक उघड्या पडल्या. डोळे असलेला माणूस तिथूनच परत फिरला असता. माझं लक्ष नानांच्या खिशातल्या गाळ्याच्या किल्लीवर.

लांबून वेगात आलो आणि नानांच्या समोर पुढचा ब्रेक दाबला. माझ्या गाडीचा ब्रेक जुना. सगळी मूठ आवळली तरी गाडी विचार करून थांबते. भूषणच्या गाडीला डिस्क ब्रेक, दोन बोटांचं काम. मी मूठ आवळली.

माझा हिशेब असा, की चाक सरकेल, मी आडवा होईन, जरा खरचटेल, गाळा मिळेल. चाक बोटभरही सरकलं नाही. रस्त्यानं ते असं धरलं की गाडी जागच्या जागी उभी राहिली. मी राहिलो नाही. मागचं चाक वर उठलं आणि मी हँडलवरून थेट नानांच्या पुढ्यात. आधी उजवा हात टेकला, मग बाकीचा मी.

नाना वाकले. मला वाटलं, मला उचलायला. त्यांनी रस्त्यावरून हात फिरवला आणि भूषणला म्हणाले, “पक्का शे.” मग माझ्याकडे बघून, “घसरना नई तू. उडना.”

कोणीतरी हसलं. आई नव्हती, एवढंच बरं. ती पाणी आणायला पळाली होती.

भूषणनंच मला रिक्षात घालून पाचोऱ्याला दवाखान्यात नेलं. मोडलेलं मनगट मांडीवर धरून बसलो होतो, आणि फाट्यापर्यंत एक हादरा बसला नाही. एक तरी बसायला हवा होता.

गाळ्यात आता भूषणचं सिमेंट आहे. माझं मनगट वाकडं जुळलं. त्या हातानं रिमवरून टायर उचकटता येत नाही, म्हणून मी अजून दुसऱ्याच्याच दुकानात, फक्त हवा भरायला.