यंत्र का थांबले, हे विचारणाऱ्या विमलताई

विमलताईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत, म्हणून सुरतेतल्या डिंडोलीच्या मंडळींनी हा गौरवग्रंथ काढायचे ठरवले आणि माझ्याकडे लेख मागितला. आनंदाने होकार दिला. पण लिहायला बसलो तेव्हा आनंदापेक्षा संतापच अधिक आला. तो लपवून ताईंचा गौरव करणे मला खोटेपणाचे वाटते.

माझी त्यांची पहिली भेट सुरतेजवळच्या पलसाण्याच्या एका रंगाई कारखान्यात झाली. मी नाशिकहून नुकताच आलेला इंजिनिअर होतो. यंत्रांना सेन्सर बसवायचे आणि कोणते यंत्र चालू, कोणते बंद हे भिंतीवरच्या स्क्रीनवर दाखवायचे, हे माझे काम. ताई तपासणी विभागाच्या प्रमुख होत्या. तिथे रंगवलेले कापड उजेडाच्या काचेवरून सरकत जाते आणि बायका उभ्या राहून त्यातले डाग शोधतात. मी कुणाशी न बोलता लॅपटॉपवर नोंदी करू लागलो. ताईंनी माझ्यासमोर स्टूल सरकवले आणि अहिराणीत म्हणाल्या, "आठे बस, भाऊ. पहिले देख, मंग लिखजो."

मी बसलो आणि दिवसभर पाहत राहिलो. त्याच दुपारी एका कापडावर ठरावीक अंतराने तोच डाग दिसू लागला. ताईंनी यंत्र थांबवले, दोन डागांमधले अंतर दोरीने मोजले आणि ती दोरी घेऊन त्या सुकवणीच्या विभागात गेल्या. तिथल्या कापड सरकवणाऱ्या रुळांना एकेक करून दोरी गुंडाळून पाहिली. ज्या रुळाचा घेर तेवढाच भरला, त्याच्यावर चरा सापडला. रूळ बदलला आणि पुढचा सगळा माल वाचला. चूक जिथे होते तिथेच ती पकडायची आणि वाया जाणारे काम मुळातून थांबवायचे, याला आम्ही कॉलेजात 'लीन' म्हणायला शिकलो होतो. ताईंनी तो शब्द ऐकलेला नव्हता.

मग माझी स्क्रीन सुरू झाली. यंत्र चालू असले की हिरवी पट्टी, थांबले की लाल. व्यवस्थापकांनी लाल पट्ट्या पाहिल्या आणि त्या बायकांच्या नावांसह फळ्यावर लावायला सुरुवात केली. कोण किती वेळ जागेवर नव्हती, हे साऱ्या कारखान्याने वाचायचे. बायकांनी पाणी पिणे सोडले, म्हणजे मधे उठावे लागणार नाही. उन्हाळ्याचे दिवस, बाजूला वाफेची यंत्रे. रेखाबेन नावाच्या आमच्या एक सहकारी भोवळ येऊन पडल्या. डॉक्टरांनी लघवीचा संसर्ग सांगितला. हे माझ्या यंत्रणेमुळे घडले, हे मी इथे स्पष्ट लिहितो.

ताई त्याच संध्याकाळी व्यवस्थापकांच्या खोलीत गेल्या. मलाही सोबत नेले.

"बेन, आ तो डेटा छे," व्यवस्थापक म्हणाले. "स्क्रीन खोटं बोलत नाही."

"खोटं नाही बोलत, साहेब. अर्धं बोलते," ताई शांतपणे म्हणाल्या. "मशीन थांबलं एवढंच सांगते. का थांबलं, ते तुम्ही कोणाला विचारलं का?"

त्यांनी आठ दिवस मागून घेतले. यंत्र थांबले की तिथल्या बाईने कारणाचे बटण दाबायचे. मी चार बटणे तयार केली: ट्रॉली आली नाही, रंगाची मंजुरी आली नाही, कापडात दोष, वैयक्तिक कारण. ताईंनी ती पाहिली आणि म्हणाल्या, "चौथं काढा. ती कोणाला सांगायची गोष्ट नाही."

मी ते काढले. इतकी वर्षे शिकून मला जे सुचले नाही, ते त्यांना बघताक्षणी दिसले होते.

आठ दिवसांनी कारणे समोर आली. थांबलेला बहुतेक वेळ मंजुरीची वाट पाहण्यात जात होता. रंगाचे नमुने ज्या टेबलावर सहीसाठी पडून राहत, ते टेबल खुद्द व्यवस्थापकांचे होते. पुढच्या सोमवारपासून रंगाची मंजुरी तपासणी विभागातच मिळू लागली, ट्रॉलींना जागा ठरल्या, फळ्यावरची नावे उतरली. स्क्रीन तीच राहिली. आता ती माणसांवर डोळे वटारत नव्हती, अडचण कुठे आहे ते दाखवत होती. सेन्सरने थांबणे दाखवायचे आणि काम करणाऱ्याने कारण सांगायचे, एवढे साधे हे नाते आहे. आमच्या धंद्यातले कितीतरी मोठे लोक अजून त्यातला पहिलाच भाग विकत घेतात.

पुढे कारखान्याला 'स्मार्ट' म्हणून पुरस्कार मिळाला. समारंभात सॉफ्टवेअरचे कौतुक झाले, व्यवस्थापकांचे झाले, माझेही झाले. ताईंना निमंत्रणसुद्धा नव्हते. मी मंचावर होतो आणि गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी क्षमा मागायला त्यांच्या घरी गेलो. त्यांनी आधी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला, जेवू दिले आणि मग म्हणाल्या, "माझ्या नावाचं सोडा. पोरी पाणी पिऊ लागल्या ना?" हे त्यांचे मोठेपण आहे. त्या मोठेपणाच्या आड आपण लपावे, हे मला मान्य नाही.

या ग्रंथासाठी कारखान्याने शुभेच्छापत्र पाठवले आहे. त्यात ताईंना 'प्रामाणिक आणि कष्टाळू कामगार' म्हटले आहे. त्या प्रामाणिक आहेतच, कष्टाळूही आहेत. पण त्यांनी विचार केला, तोही आम्हा सर्वांच्या आधी आणि आम्हा सर्वांपेक्षा नीट. अक्कल यंत्राच्या नावावर आणि घाम बाईच्या नावावर, ही वाटणी कोणी ठरवली? त्या पत्रात 'बुद्धिमान' हा शब्द का नाही, याचे उत्तर मला हवे आहे.

निवृत्तीनंतर ताई स्वस्थ बसलेल्या नाहीत. इतर कारखान्यांतल्या बायका रविवारी त्यांच्याकडे येतात. "आमच्याकडेही स्क्रीन लागली," म्हणतात. साहेबांना काय विचारायचे आणि कसे, ते ताई त्यांना शिकवतात.

विमलताई, आपणास भरपूर आयुष्य लाभो आणि ते निरोगी असो. गुडघ्यांवर उपचार करून घ्या, दुपारी थोडे आडवे होत चला. आणि आमच्यासारख्या शिकलेल्यांना, आम्ही गप्प बसलो की, पुढची अनेक वर्षे असेच उठवत राहा.