तांदळात लिहिलेलं नाव

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंत झाली. मग हातात मागाचा धोटा आला आणि पेन सुटला तो सुटलाच. चारचौघांत मला बोलता येत नाही. मंगाईच्या देवळात बायका आपापले अनुभव सांगतात, तेव्हा मी खांबाआड बसून ऐकते. पण हा अनुभव पोटात ठेवू नये असं वाटतं, म्हणून दुपारी माग थांबला की थोडं थोडं लिहून काढते आहे.

माझी लेक दिल्लीला असते. दुसऱ्या खेपेला सातव्या महिन्यातच तिचा रक्तदाब वाढला आणि डॉक्टरांनी तिला दवाखान्यात ठेवून घेतलं. जावई तिकडे एकटेच. इकडे बेळगावच्या वडगावात माझे मालक अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले, त्यांना सोडून मला जाता येईना. थोरल्या नातीला, आठ वर्षांच्या पोरीला, सांभाळायला कोणी नव्हतं. तेव्हा जावयांनी तिला एकटीलाच विमानात बसवून बेळगावला पाठवायचं ठरवलं.

जावयांपुढे मी कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी फोनवर चढवला. म्हटलं, "पोरगी काय पार्सल हाय व्हय?" त्यांनी शांतपणे समजावलं. एकट्या मुलांसाठी विमान कंपनीची सोय असते. त्यांचं माणूस हात धरून जागेवर बसवतं, उतरल्यावर दुसरं माणूस हात धरून बाहेर आणतं, आणि फॉर्मवर ज्याचं नाव असेल त्याचं कार्ड बघूनच मूल ताब्यात देतात. "आई, तुमच्याशिवाय ते कुणाच्याच हातात देणार न्हाईत," असं ते म्हणाले. त्या एका वाक्यावर मी हो म्हटलं.

पोर यायची त्या दिवशी सकाळी मी देवापुढे दिवा लावला, पण हात जोडले नाहीत. लेकीची ही दशा, घरात आजारपण, आणि आता पोर आभाळात एकटी. आई, आम्ही तुझं काय वाकडं केलं, असं मनात येत होतं. रागातच बस धरून सांबऱ्याच्या विमानतळावर गेले.

विमान वेळेवर उतरलं. काचेपलीकडे नात दिसली. गळ्यात कागदांची पिशवी, पाठीला दप्तर, आणि कंपनीच्या मुलीचा हात धरून ऐटीत चाललेली. मला बघून तिने हात हलवला. माझा जीव भांड्यात पडला. कंपनीची मुलगी तिला घेऊन दारापाशी आली, तिने माझं आधार कार्ड घेतलं, फॉर्म बघितला, पुन्हा कार्ड बघितलं.

"आज्जी, हे कार्ड तुमचंच काय?"

"माझंच की. फोटो बघ."

"फोटो बरोबर हाय. पण फॉर्मात नाव एक हाय, कार्डात दुसरंच हाय."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं, आणि त्या दिवसापासून सगळं जग मला त्याच नावाने ओळखतं. जावयांनी फॉर्मात तेच लिहिलं. त्यांना दुसरं ठाऊकच नव्हतं. आणि आधार काढायला मी नेला होता शाळेचा दाखला. चौथी पास झाल्याचा तेवढा एकच कागद माझ्याजवळ, तो कुठे तरी दाखवायला मिळाला म्हणून केवढी हौस! त्यावर माहेरचं नाव, माहेरचं आडनाव. त्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही.

हे सगळं मी अडखळत सांगितलं. दारावरचा शिपाई हसला, "एक आज्जी आनि दोन दोन नावं! कशाला एवढी लागत्यात?"

"मी मागितली न्हवती, बाबा," मी म्हटलं.

ती मुलगी मात्र हसली नाही. म्हणाली, "मला पटतंय आज्जी, पण मी अशी सोडू शकत न्हाय. उद्या कुणी पण येऊन म्हणेल माझं दुसरं नाव हाय. ज्यांनी पाठवलंय त्यांनी सांगितलं तर बदलता येतं." तिने जावयांना फोन लावला. बंद. मी लावला. बंद. फोन बंद म्हणजे लेकीचं काहीतरी झालं, हे मला तिथंच कळलं. ती मुलगी हळूच म्हणाली, "घेणारं माणूस जुळलं न्हाय तर ह्याच विमानानं परत पाठवावं लागतंय, आज्जी." परत पाठवणार कुणाकडे? तिकडे तिला उतरवून घ्यायला कोण होतं?

पोर आत त्या मुलीजवळच राहिली. मी बाहेर येऊन कट्ट्यावर बसले. रडण्यापलीकडचं काहीतरी झालं होतं. सकाळी न जोडलेले हात आपोआप जोडले गेले. मंगाई, मला काही सुचत नाही, मी म्हटलं. माझी दोन्ही नावं तुला माहीत आहेत. पोर तुझी, तू बघ. आणि खरं सांगते, तेवढं म्हटल्यावर छातीतली धडधड थांबली. काहीच बदललं नव्हतं, तरी थांबली.

तेवढ्यात विमानातून उतरलेली एक बाई समोरून गेली. तिच्या अंगावर आपल्याकडची साडी होती. तो काठ मी लांबून ओळखला. असे काठ विणण्यात माझी बोटं झिजली आहेत. ती बाई गाडीत बसून गेलीसुद्धा, पण काठ बघता बघता मला विणकर कार्ड आठवलं. सरकारने आम्हा मागवाल्यांना दिलेलं, फोटोचं. त्यावर मालकांनी सांगून माझं सासरचं नाव घातलं होतं. पण ते घरी ट्रंकेत, आणि ट्रंकेची किल्ली माझ्या कमरेला.

जवळच एक गाडीवाला उभा होता. निपाणीचा, पन्नाशीतला. त्याचं गिऱ्हाईक दुसऱ्या विमानाने येणार होतं आणि त्या विमानाला उशीर होता. तो म्हणाला, "आक्का, मगापासनं बघतोय. काय झालंय?" परक्या माणसाशी कधी न बोलणारी मी, एका दमात सगळं बोलून गेले.

"मग बसा की गाडीत! हितं बसून कार्ड चालत येतंय व्हय?"

"माझ्याजवळ रिक्षापुरतंच पैसे हायत, अण्णा."

"पैशाचं मागनं बघू. दार नीट लावा, जरा ढिलं हाय."

मी आत जाऊन त्या मुलीला सांगितलं. ती म्हणाली, विमान सुटायला आज वेळ लागणार आहे, पण लवकर या. वेळ कशामुळे लागणार होता, ते मी विचारलं नाही. गाडीत तो माणूस सारखा हॉर्न वाजवत राहिला. घरी पोचले तर मालक अंथरुणातून दाराकडे बघत होते. त्यांना नीट बोलता येत नाही. "पोर?" एवढंच म्हणाले. "आनते," म्हटलं आणि कार्ड घेऊन तशीच मागे फिरले.

परत आलो तेव्हा विमान उभंच होतं. त्या मुलीने आपल्या साहेबांना बोलावलं. त्यांनी दोन्ही कार्डं शेजारी शेजारी धरली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "नवऱ्याचं नाव काय?" मी ते नाव आजवर उखाण्यातच घेतलं होतं. त्या दिवशी सगळ्यांदेखत, मोठ्याने घेतलं. साहेबांनी मान हलवली. मी वाकडीतिकडी सही केली आणि पोर माझ्या पोटाला येऊन बिलगली. तिच्या तोंडाला बिस्किटाचा वास येत होता. ती विचारते, "आज्जी, तुझं खरं नाव कुठलं गं?"

"आज्जी," मी म्हटलं. "तेवढंच खरं."

तिन्हीसांजेला जावयांचा फोन आला. पोरीला विमानात बसवून ते दवाखान्यात पोचले, तोवर लेकीला ऑपरेशनला आत घेतलं होतं. धावपळीत फोनची बॅटरी संपली होती. मुलगा झाला होता, इवलासा, काचेच्या पेटीत ठेवलेला. पण दोघंही धोक्याबाहेर होते. मी फोन मालकांच्या कानाला लावला. त्यांच्या चांगल्या बाजूच्या डोळ्यातून पाणी आलं.

गल्लीतल्या बायका म्हणू लागल्या, "त्यो मानूस न्हवताच गं, देवच आलता." मलाही थोडं तसंच वाटायचं. गिऱ्हाईक आलं म्हणून तो घाईने निघाला, तेव्हा फोन नंबर देऊन म्हणाला होता, "आठशे होत्यात आक्का, सवडीनं द्या." पण देवाला का कुणी गाडीभाडं देतं? अशा विचारात दिवस गेले, आणि औषधपाण्यातून पैसेही साठेनात. शेवटी दोन साड्यांची मजुरी बाजूला ठेवली, फोन केला आणि एसटीने निपाणीला गेले.

तो स्टँडवरच भेटला. बायकोला घेऊन आला होता. "ही बघ, दोन नावाची आक्का," असं म्हणून हसला. मी पैसे पुढे केले. मनात धाकधूक होती की हा नको म्हणणार. त्याने तिथंच मोजले. "वाईट वाटून घेऊ नका आक्का, गाडीचा हप्ता हाय," म्हणाला आणि खिशात ठेवले. मग दोघांनी मला चहा पाजला.

मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. तो देव नव्हता. हप्ता भरणारा, बायकोवाला माणूस होता. मंगाईला मी पोर तू बघ म्हटलं, आणि तिने जवळ उभं असलेलं माणूस हलवलं, एवढंच मला कळतं. आता अडलं की मी आधी हात जोडते, मग वाट बघते. रोज जमतं असं नाही. परतीच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. आठशे रुपये पुरे फिटले होते.