ट्रंक बोर्डावरच्या तिघींची यादी

टेलिफोन एक्स्चेंजमधली जुनी मंडळी भेटली की बोलणं पेन्शनवरून सुरू होतं आणि किस्स्यांवर येऊन थांबतं. एक सांगून होईपर्यंत दुसरा आठवतो. किस्से वाढतच चाललेत. सांगणारी माणसं मात्र कमी होतायत.

सत्तरच्या दशकात कोल्हापुरात परगावचे फोन जोडून देणाऱ्या ट्रंक बोर्डावर आम्ही तिघी होतो. मी, शकू चौगुले आणि आमच्यात सीनियर रशीदाआपा. तिघींत मिळून वाचनालयाची एकच मेंबरशिप. कुणी चांगल्या पुस्तकाचं नाव ऐकलं की कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदावर ते लिहायचं, पुढं आपलं नाव टाकायचं, आणि तिघींचं वाचून झालं की खोडायचं. लिहिणं जास्त, खोडणं कमी! कागदाला खाली कागद जोडत गेलो आणि यादी जमिनीला टेकली.

*

एकदा ती सुपरवायझरसाहेबांच्या नजरेस पडली. आता मेमो मिळणार, असं आम्हाला वाटलं. साहेबांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली, अगदी वाकून. मग खिशातलं पेन काढून तळाला एक नाव लिहिलं आणि आलं की सांगा म्हणाले.

ते पुस्तक आमच्या हाती लागलं तेव्हा साहेबांची बदली होऊन दोन वर्षं झाली होती. तरी शकूनं हौसेनं त्यांना ट्रंक लावला. पुस्तक आलं म्हणून सांगितलं. पलीकडून साहेबांनी विचारलं, "कुठलं पुस्तक?"

*

शकूचं लग्न ठरलं तेव्हा तिनं हट्टानं जाडजूड पुस्तकं आधी आणवली. बारकी काय, सासरीही वाचून होतील, असा तिचा हिशेब. नेसरीला दिली होती तिला. शेतीवाडीचं मोठं घर, नोकरी सुटली.

पुढे एकदा दवाखान्याच्या कामाला कोल्हापुरात आली तेव्हा मूल काखेत घेऊन आम्हाला भेटून गेली. काय काय वाचलंस, मी विचारलं.

"पंचांग," शकू म्हणाली. "घरात तेवढंच हाय."

मग कपाट उघडून तिनं यादी बघितली आणि मी लिहिलेली पुस्तकं खोडून टाका म्हणाली, उगंच गर्दी कशाला. आपांनी पेन्सिल घेतली आणि शकूच्या प्रत्येक पुस्तकापुढं स्वतःचं नाव लिहिलं.

*

आपांचे मालक गफूरभाई बाइंडिंगचं काम करायचे. वाचनालयातली फाटकी पुस्तकं त्यांच्याकडे शिवायला यायची. त्यात यादीतलं काही दिसलं की आपा शिवायच्या आधीच एकेक सुटा फर्मा, म्हणजे घडी घातलेल्या पानांचा जुडगा, उचलून वाचायच्या.

एका कादंबरीचे फर्मे असे उलटसुलट झाले होते की नायिका आधी मेली, मग तिचं लग्न झालं आणि मग ती लहान झाली. आपा वाचून ढसाढसा रडल्या. पुढे तेच पुस्तक बांधून आलं, आम्ही वाचलं, बोलता बोलता घोटाळा कळला. आपांनी ते पुन्हा, सरळ वाचलं आणि बाजूला ठेवलं.

"पैलीच बरी हुती," त्या म्हणाल्या. "त्यात पोरगी शेवटाला शाळंला जात हुती."

*

शुगरनं आपांची दृष्टी गेली. मुदतीआधीच रिटायर झाल्या. मग मी रविवारी त्यांच्या घरी जाऊन यादीतलं एकेक वाचून दाखवायला लागले. त्या कॉटवर, मी खाली, दारापाशी गफूरभाई शिवत बसलेले.

पुस्तक संपत आलं, की आपा हात वर करायच्या. बास. पुढचं राहू दे म्हणायच्या. पहिल्यांदा मी चिडले. थोडक्यासाठी कशाला ठेवायचं, म्हटलं. त्यांनी विषय बदलला. प्रत्येक पुस्तकाला हेच. शेवट न वाचता मी ती परत करत राहिले. आणि शेवट झाला नाही म्हणून यादीतलं नावही खोडता येईना.

पुढे एका थंडीत आपांनी अंथरूण धरलं. बोलायलाही दम लागायचा. मी एक लहानसं पुस्तक नेलं होतं. शेवटची पानं जवळ आली तशी मी आपणहून थांबले आणि मिटायला लागले.

"वाच की," आपा म्हणाल्या.

मी वाचलं. गफूरभाईंची सुई थांबलेली मला दिसत होती. शेवटचं वाक्य झालं, पुस्तक मिटलं. आपांनी ते चाचपत घेऊन छातीवर ठेवलं.

मग म्हणाल्या, "शेवट म्हंजे एवढंच व्हय?"