बोटांमागचा लाल रंग

नव्या रबरी चपलेचा वास आला की बेळगावच्या दवाखान्यातलं पळायचं मशीन आठवतं. लेकीच्या पायाच्या बोटांमागच्या हाडाला चीर पडली होती, ती भरली का बघायला कमरेला पट्टे बांधून, निम्मं वजन वर उचलून तिला पळवत होते. तळव्यावरचा दाब पडद्यावर रंगात दिसे, जास्त दाब तिथं लाल. टाचेचा लाल रंग गेला, बोटांमागचा तसाच राहिला. "दुखतंय?" डॉक्टरांनी विचारलं. "न्हाय सर." तिला शर्यतीत उतरायचं होतं. मी चारचौघांत बोलत नाही, पण गप्प बसवेना. "थांबवा सर, ती ओठ चावाय लागलीया." मशीन थांबलं. "आई, गप बसाय येत न्हाय व्हय गं?" लेक रडली. शर्यत हुकली. विड्या वळताना बोटं ठणकली तरी मी घरात कधी सांगितलं नाही. दुखणं लपवणं तिनं माझंच उचललं होतं, हे आता कळतं आणि विडी वळता वळता हात थांबतो.