धावणाऱ्या पोरींचं मीठ

आधी माफी मागते. माझं अक्षर म्हणजे चिखलातून कोंबडी चालत गेल्यासारखं आहे, आणि पहिली वेलांटी कुठं, दुसरी कुठं, हे मला कधीच कळलं नाही. शाळा चौथीपर्यंत झाली. पाचवीला दुसऱ्या गावी जावं लागायचं, म्हणून बापानं गुरांमागं पाठवलं. हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. तरी कुणाच्या हाती पडलंच तर चुका पोटात घाला. आमच्या तांड्यावर घरात आमची बोली चालते, पण लिहायला मला मराठीच शिकवली, म्हणून सगळ्यांचं बोलणं मराठीतच मांडते.

आमचा तांडा कनेरगाव नाक्यापासून आत आहे. लेक लहान होती तेव्हा, नव्वदच्या आसपास, मी भाकरी घेऊन शेतावर जायची ती पळतच. चालत गेलं तर लोक बोलवतात, काहीबाही विचारतात, आणि मला बोलायची लाज. पळणाऱ्या बाईला कुणी थांबवत नाही. पळणं मला असं सापडलं.

हिंगोली वेगळा जिल्हा झाला त्यानंतर काही वर्षांनी लेक बारावी झाली आणि म्हणाली, मला पोलिसात जायचं. तिकडं मुलींना पळावं लागतं, गोळा फेकावा लागतो. एकटीनं डांबरी रस्त्यावर पळायची तिला भीती वाटायची. मी म्हणाले, मी येते. साडीचा पदर खोचला, पायात नवऱ्याचे जुने कॅनव्हासचे बूट घातले, पुढं कापूस कोंबला.

पहिल्याच सकाळी धाब्यावरचा माणूस ओरडला, "काहो बाई, बस सुटली का तुमची?"

दुसऱ्या दिवशी एका ट्रकवाल्यानं गाडी हळू केली. "भाभी, किधर जाना है? बैठो, छोड देता हूँ."

लेक हसून हसून खाली बसली. मी मात्र मान खाली घालून पळत राहिले आणि पुलापाशी पोचल्यावर मागं बघितलं, तर ती कुठल्या कुठं राहिली होती. त्या दिवशी मला कळलं की मी बरी पळते.

मग एक शेजारीण आली. "आमच्या पोरीला पण घे ना. घरी नुसती बसून राहिली." तिच्यामागं दुसरी आली. पाहता पाहता सहा-सात पोरी झाल्या. नवरा म्हणाला, "फुकट काहून शिकवून राहिली? शिकवणी घेणारे पैसे घेतात." मला पैसे मागायला जीभ उचलेना, तेव्हा त्यानंच घरोघर जाऊन सांगितलं. कुणी महिन्याला पैसे दिले, कुणी ज्वारी दिली. आमचा एक पडीक तुकडा होता, तो सपाट करून गोल आखायचा, गोळा आणायचा, पोरींना बरे बूट घ्यायचे, त्यासाठी मी बायकांच्या बचत गटातून कर्ज काढलं. गटाची अध्यक्ष म्हणजे आमच्या तांड्याच्या नायकाची बायको. नायक म्हणजे तांड्याचा मुख्य. तिला आम्ही साऱ्या मोठी याडी म्हणतो, म्हणजे मोठी आई. पैसे देताना ती म्हणाली, "पळायला पैसे लागतात हे आज कळलं. आमी तर फुकटच पळायचो, सासूच्या भेवानं."

त्याच सुमारास हिंगोलीला बायकांसाठी आहाराचा वर्ग निघाला. चौथी शिकलेली चालत होती. आठवड्यातून दोनदा, दुपारी. मी सकाळी पोरींना पळवायची, शेतात निंदायची आणि तिथूनच बस गाठायची. वर्गात सगळ्यात मागं बसायची. एक दिवस शिकवणाऱ्या बाईंची नजर माझ्या साडीखालच्या बुटांवर गेली.

"तुम्ही धावता?"

मी नुसती मान हलवली. वर्ग संपल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि खेळाडूंच्या आहाराचं एक पातळ पुस्तक दिलं. "वाचा. अडलं तर विचारा."

अडायचं तर ओळीओळीला. कर्बोदकं हा शब्द मला आठवडाभर म्हणता येईना. शेवटी मी अभ्यास रस्त्यावर घेतला. तांड्यापासून पुलापर्यंत कर्बोदकं, म्हणजे भाकरी, गूळ, रताळं. पुलापासून नाक्यापर्यंत प्रथिनं, म्हणजे हुलगे, शेंगदाणे, अंडी. परत येताना पाणी, मीठ, लिंबू. पायाबरोबर शब्द म्हणायचा. पोरी मागून माझ्यासारखंच म्हणायच्या आणि धाब्यावरचा माणूस म्हणायचा, "आली बाई, मंत्राची बस आली."

त्या पुस्तकानं मला पहिली गोष्ट दाखवली ती आमच्याच चुलीपाशी. पोरी पहाटे पळून यायच्या, पाणी भरायच्या, आणि घरातले सगळे जेवल्यावर उरलेलं खायच्या. बायांनी शेवटी खायचं, हा रिवाज. पुस्तक म्हणत होतं, पळून आल्यावर लवकर खा. मी घरोघर जाऊन हे बोलू शकले नसते. मग मीच सकाळी मैदानावर एक परात ठेवायला लागले. आदल्या दिवशीची भाकरी, गूळ, शेंगदाणे. खाल्ल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. महिन्याभरात पोरींच्या चेहऱ्यावर तेज आलं.

भरतीची तारीख लागली ती श्रावणात, पोळ्याच्या जरा आधीची. लेक आधी एकदा नापास झालेली. तिच्या काकांनी सोयरीक आणलेली होती आणि नवऱ्यानं त्यांना शब्द दिला होता, या वेळी झालं तर झालं, नाहीतर दिवाळीनंतर लग्न. मला तो म्हणाला, "मी तरी किती दिवस थांबवू? भावाला काय सांगू?" त्याचंही खोटं नव्हतं. लेक त्या दिवसापासून कमी बोलायला लागली आणि जास्त पळायला लागली.

आणि तेव्हाच तीज आली.

तीज म्हणजे आमच्या तांड्यावरच्या बिनलग्नाच्या पोरींचा सण. टोपलीत गहू पेरतात, नऊ दिवस त्याला पाणी घालतात, नाचतात, गाणी म्हणतात. गहू जितका दाट, तितकं पोरीचं नशीब बरं. दुसऱ्या तांड्यांवर कसं असतं मला माहीत नाही, पण आमच्याकडे ते नऊ दिवस पोरी अळणी खातात. मिठाचा कण तोंडात घालत नाहीत. मीही लहानपणी तसंच केलं होतं, आणि तेव्हा काही झालं नव्हतं. तेव्हा मी भर उकाड्यात कोसभर जोरात पळत नव्हते, एवढं माझ्या डोक्यात आलं नाही.

तिजेच्या दुसऱ्याच दिवशी पहिली पोरगी पोटरी धरून खाली बसली. तिसऱ्या दिवशी दोन. चौथ्या दिवशी माझी लेक पुलाच्या अलीकडे आडवी झाली, पायाची बोटं वळलेली. मी पाय चोळला. ती डोळे मिटून म्हणाली, "या वेळीही न्हाई होत, याडी. मला कळून राहिलं."

त्याच दुपारी वर्गात मी पहिल्यांदा हात वर केला आणि पोटऱ्यांचं सांगितलं. बाईंनी विचारलं, "घामाची चव कशी असते?"

"खारी."

"मग ते खारट शरीरातून गेलं की परत कुठून येणार?"

मला लगेच उमगलं. दुसऱ्या दिवशी मी हंड्यात पाणी, लिंबू, साखर, मीठ घालून मैदानावर नेलं. तीज तर तीज, हे जेवण थोडंच आहे, असं माझं मीच ठरवलं. पोरींनी एकेक गिलास घेतला. सगळ्या गुपचूप मैदानाच्या कडेच्या बाभळीकडे गेल्या आणि रिकामे गिलास घेऊन आल्या. मला बरं वाटलं. पण पाय तसेच वळत राहिले.

दुसऱ्या सकाळी मी बाभळीखाली चप्पल काढायला गेले तर बुडाशी मुंग्यांची ही जाड रांग. माती गोड झालेली. माझं सगळं लिंबू-पाणी बाभूळ पीत होती.

मी लेकीला विचारलं, "काहून ओतलं?"

"तू दिलं म्हणून घेतलं. तीज हाय म्हणून ओतलं." मग हळू म्हणाली, "गहू पिवळा पडला तर?"

तिच्यावर रागवावं असं काही नव्हतं. तीज मोडायला सांगणारी मी कोण? सांगू शकणारी तांड्यावर एकच होती. मोठी याडी. आणि तिच्यापुढं मी कर्ज मागताना सोडून कधी सलग दोन वाक्यं बोलले नव्हते. तिच्या घरापर्यंत मी पळत गेले, म्हणजे वाटेत विचार बदलायला नको.

ती उखळात मिरची कुटत होती. मी दारातच उभी.

"काय गं, हप्ता द्यायला आली का? अजून तारीख हाय."

"हप्ता न्हाई, मोठी याडी. मीठ पाहिजे."

"मग घे ना मडक्यातलं. एवढ्यासाठी धापा काहून टाकून राहिली?"

"माझ्यासाठी न्हाई. पोरींसाठी. तिजेत."

मुसळ थांबलं. मी मान खाली घालून सगळं सांगितलं. पोटऱ्या, घाम, वर्गातल्या बाई, बाभळीखालच्या मुंग्या. किती वेळ बोलले ठाऊक नाही. थांबले तेव्हा माझीच मला लाज वाटली. म्हातारी हसायलाच लागली.

"मुंग्या पास होतील बघ भरतीत!" मग डोळे पुसून तिनं मुसळ बाजूला ठेवलं. "माझा आजा सांगायचा, त्याच्या बापाच्या येळंला तांडे बैलांवर मीठच वाहायचे. दूर दूर. चालता चालता माणसं गोणीला जीभ लावायची, बैलपण लावायचे. न्हाईतर पाय उचलायचे न्हाईत. चालणाराला मीठ लागतं, हे तुझ्या बाईनं आज सांगितलं व्हय?"

"मग पोरींनी घ्यावं?"

"अशीच घेतली तर त्यांच्या मनात राहील. मन खाईल त्यांना, आन् पळणार कशा?" तिनं जरा विचार केला. "त्यांच्या वाटणीचं अळणी आपण खाऊ. मी आन् तू. उरलेले दिवस. देवीला सांगते मी, पोरी कामावर हायेत, त्यांच्या बदली आमी."

संध्याकाळी तिनं पोरींना टोपल्यांपाशी बोलावलं, सगळ्यांसमोर तसं सांगितलं आणि प्रत्येकीच्या जिभेवर स्वतःच्या हातानं चिमूटभर मीठ ठेवलं. माझ्या लेकीनं ते गिळताना डोळे मिटले. मोठी याडी बोलल्यावर नाही कोण म्हणणार?

दुसऱ्या दिवसापासून लिंबू-पाणी माझ्यासमोर प्यायचं. पाय सुटायला लागले. आणि अळणी मी खाल्लं आणि रोज पळले, तेव्हा तिजेच्या शेवटच्या सकाळी पुलापाशी माझीच पोटरी अशी धरली की मी रस्त्याच्या कडेला बसकण मारली. पोरी शेजारून पळत गेल्या.

"बाई, कर्बोदकं खाल्ली का?" एक ओरडली.

"प्रथिनं कमी पडली त्यांना!" दुसरी म्हणाली.

धाब्यावरचा माणूस तेवढ्यात पाणी घेऊन आला. "आज खरंच बस सुटली की हो, बाई." मी त्याच्याकडे बघून हसले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

त्या दिवशी गहू पाण्यात सोडला. सगळ्या टोपल्यांत हिरवा गच्च होता. माझ्या लेकीचा जरा विरळ होता, पण हिरवा होता.

भरतीच्या दिवशी मी हिंगोलीच्या मैदानाबाहेर तारेच्या कुंपणाला धरून उभी होते. नवरा शेजारी, खिशात हात घालून. पोरींना मी पहाटे भाकरी-गूळ दिला होता, आणि वरून माझा शिकलेला सगळा मंत्र. आत गोल मैदानावर फेऱ्या सुरू झाल्या. लेक मधल्या घोळक्यात होती. पहिली फेरी तशीच, दुसरी तशीच. मला वाटलं, पोटरी धरली की काय. मग कुठंतरी मागच्या वळणावर तिनं मान खाली घातली, माझ्यासारखीच, आणि एकेकीला मागं टाकायला लागली. पळणाऱ्या बाईला कुणी थांबवत नाही. शेवटच्या वळणावर नवऱ्यानं खिशातले हात काढले आणि तारेवर आपटत ओरडायला लागला. मीपण ओरडले. मला माझा आवाज ओळखू आला नाही.

यादीत आमच्या तीन पोरी होत्या. त्यात लेक होती. नवऱ्यानं भावाकडे स्वतः जाऊन सोयरीक नाकारली. काय बोलला ते त्यानं सांगितलं नाही, येताना पेढे मात्र आणले.

पुढच्या वर्षी पुसेगावकडून पोरी आल्या, वसमतहून एक बाप लेकीला बसमध्ये बसवून घेऊन आला. "आहारवाली बाई कोण?" असं विचारत आला. आहाराच्या वर्गाची परीक्षा मी तोंडी दिली. बाईंनी घामाचा प्रश्न मुद्दाम मलाच विचारला आणि आम्ही दोघी हसलो. पास झाल्याचा कागद मिळाला तो चुलीपासून लांबच्या भिंतीला लावला, धूर लागू नये म्हणून. मैदानावर आता परात मोठी आहे. आणि तिजेच्या नऊ दिवसांत पळणाऱ्या पोरींच्या बदली त्यांच्या आया अळणी खातात. आता तो आमच्या तांड्याचा रिवाजच झाला. त्या दिवसांत मी कमी पळते, एवढी अक्कल आली आहे.

लेकीचा पहिला पगार झाला तेव्हा तिनं माझ्यापुढं नोटा धरल्या. "कर्जाला घाल, याडी." मी घेतल्या नाहीत. ते कर्ज मैदानाचं होतं, मैदानातूनच जाणार होतं. हप्त्याहप्त्यानं गेलं. कधी महिना चुकला, कधी दोन एकदम भरले.

शेवटच्या हप्त्याच्या बैठकीला मी नेहमीसारखी दारापाशी बसले होते. मोठी याडी म्हणाली, "पुढं ये. आज तिथं न्हाई बसायचं." मी सगळ्यांच्या मधून पुढं गेले, पैसे तिच्या हातावर ठेवले. तिनं मोजले नाहीत. जमलेल्या बायांना म्हणाली, "पळायला लागणारे पैसे परत आले गं." साऱ्या हसल्या. आणि मी, मान वर ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "फिटले. सगळे फिटले."