इंजिनचा न लागणारा दिवा

माझ्या साडूंनी वापरलेली कार मी घेतली, तेव्हा तिचा इंजिनमधला बिघाड दाखवणारा दिवा कधी लागलाच नाही, असं ते छातीठोकपणे म्हणाले होते. पण कामरगावच्या रस्त्याला ती धक्के द्यायला लागली आणि माझं लक्ष त्या दिव्याकडे गेलं. किल्ली फिरवली की बाकीचे सगळे दिवे क्षणभर लागायचे, तो एकटाच लागायचा नाही. मी ते बायकोला दाखवलं.

"तुमाले माया बहिणीच्या घरचं काहीच खरं वाटत नाही," बायको म्हणाली.

तिला सोबत घेऊनच मी कारंज्याच्या मेकॅनिककडे गेलो. त्यानं स्टेअरिंगखाली स्कॅनर जोडला. पडद्यावर कोड आला: एका सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नव्हतं.

"मंग दिवा काहून लागत नाही?" मी विचारलं.

त्यानं मीटर खोललं. दिव्यावर काळी चिकटपट्टी लावलेली होती, कात्रीनं नेमकी कापून.

बायकोनं तिथूनच साडूंना फोन लावला. "पट्टी? मले तर आत्ता समजून राह्यलं," ते म्हणाले. "मीबी गाडी जुनीच घेतली होती ना!"

असेलही तसं. ठिणगी पाडणारी कॉइल बदलल्यावर गाडी सुरळीत चालली. मात्र पुढच्या महिन्यात बायकोला बहिणीकडून लोणच्याची बरणी आली, तेव्हा ती उजेडात धरून तिनं बराच वेळ निरखली.